शेऱ्याचा रकाना

४ ऑगस्ट, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. कोणी वाचणार नाही, त्यामुळे खरं तेच लिहायचं. खरं म्हणजे आमच्या घरात क्रांती झाली आहे आणि ती मी केली आहे. बाबांच्या टेलरिंगच्या दुकानातल्या मापांच्या एकोणीस वह्या, तीस वर्षांचा कारभार, मी टाइप करून एका हार्ड डिस्कमध्ये भरला. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून एवढं कर्तव्यच होतं. वह्या परवा रद्दीत दिल्या. बाबा रद्दीवाला वळेपर्यंत दारात उभे होते. भारावले असावेत.
संकल्प: पुढच्या महिन्यात आईला एक्सेल.

६ ऑगस्ट
बँडमास्तर येऊन गेले. बावीस वादकांचे नवे कोट! एवढी मोठी ऑर्डर दुकानाला पहिल्यांदाच. कापड टाकलं आणि सगळा बँड दौऱ्यावर गेला. परत येणार २७ला, कार्यक्रम २८ला सकाळी. म्हणाले, सगळी तुमचीच जुनी गिऱ्हाइकं, मापं तुमच्याकडे आहेतच. मी म्हटलं, एका क्लिकवर. बाबा काहीतरी बोलणार होते, पण मी आधी बोलले ते बरं झालं.

८ ऑगस्ट, दुपारी
हार्ड डिस्क पडली. पुढे गैरसमज नको म्हणून लिहून ठेवते: कापड उडू नये म्हणून आईने ती त्यावर ठेवली होती. मी फक्त वायर ओढली. बाकी गुरुत्वाकर्षण.
आता लावली की टक् टक् असा आवाज येतो. चांगलं लक्षण आहे. जिवंत आहे.

९ ऑगस्ट
घाबरायचं कारण नाही. बॅकअप आहे. ‘बॅकअप’ नावाचं स्वतंत्र फोल्डर करून मी स्वतः घेतला होता.
संध्याकाळी: फोल्डर त्याच डिस्कवर आहे.

१० ऑगस्ट
बाबा म्हणाले, बरीचशी मापं माझ्या लक्षात आहेत. मी शांतपणे समजावलं की धंदा स्मरणशक्तीवर चालत नाही, डेटावर चालतो. आई मशीनवरून म्हणाली, हो का, मग तीस वर्षं काय हवेवर चालला? आईला डेटा कळत नाही.

१२ ऑगस्ट
इंटरनेटवर पाच व्हिडिओ पाहिले. एकात सांगितलं, डिस्कला हलकी चापट मारा. मारली. आता टकटकीला ताल आहे. आई म्हणाली, बँडवाले परत आले की दाखव, ढोलाच्या जोडीला घेतील.

१४ ऑगस्ट
दुरुस्तीवाल्याकडे. चेहरा मोठ्या डॉक्टरसारखा. विचारलं, पडल्यावर काय काय केलंत? मी प्रामाणिकपणे सगळं सांगितलं (चापट सोडून). म्हणाला, आता मेहरबानी करून एकच करा, काही करू नका. आतून उघडावी लागेल, दहा-बारा दिवस, खात्री नाही. मग विचारलं, मूळ कागद आहेत ना?
मी विषय बदलला.

१७ ऑगस्ट
रद्दीवाला म्हणाला, तुमच्या वह्या हार्डवेअरच्या दुकानाने पुड्या बांधायला नेल्या. पाव किलो खिळे घेतले. पुडीचा कागद चक्क बाबांच्या अक्षरातला! ‘क्लॅरिनेटवाला. डावा खांदा अर्धा इंच खाली. त्याच्यासमोर बोलू नये, वाईट वाटतं. अस्तरात पट्टी.’
कागद इथेच चिकटवते आहे.
असले शेरे प्रत्येक मापाखाली होते. मी ते टाइप केले नाहीत. माझ्या फॉर्ममध्ये शेऱ्याला रकानाच नव्हता. शिवाय लोकांच्या खांद्यांबद्दल असं लिहिणं मला तत्त्वतः मान्य नाही. सगळी माणसं समान आहेत.
संकल्प: रोज पाव किलो खिळे.

२० ऑगस्ट
खिळे: एक किलो. मापं: एक शाळेचा शिपाई, एक अर्धी चड्डी. बँड: फक्त तो क्लॅरिनेट.
बाबांनी मला न विचारता सहा कोट कापले. विचारलं, कशावरून? म्हणाले, माणसांवरून. अशाने दुकान आधुनिक कसं होणार? आई रात्रंदिवस शिवते आहे. चुकीची मापं निघाली तर बावीस माणसं बाह्यांना लोंबकळत वाजवतील आणि तीस वर्षांचं नाव मातीत जाईल. तरी मी शांत आहे. कोणीतरी असायला हवं.

२५ ऑगस्ट, सकाळी ११
मिळाला! सगळाच्या सगळा डेटा! दुरुस्तीवाला स्वतः चकित झाला. मी नाही.
बावीस मापांचा प्रिंटआउट बाबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, प्रत्येक ओळीवरून बोट फिरवलं. मग विचारलं, हे बावीस जण कोण? यांना मी कधी भेटलो नाही.

दुपारी
मी समजावलं. टाइप करतानाच डेटा स्वच्छ केला होता. डावा-उजवा खांदा वेगळा आला की सरासरी. अर्धा-पाव इंच आला की पूर्णांक.
बाबा म्हणाले, अगं, तो अर्धा-पाव म्हणजेच तर आपला धंदा.
आई यावर काहीतरी बोलेल असं वाटलं होतं. बोलली नाही. ते जास्त लागलं.

२८ ऑगस्ट
बावीसच्या बावीस कोट अंगावर चपखल बसले. सगळे बाबांच्या डोक्यातल्या मापांचे. क्लॅरिनेटवाल्याचे दोन्ही खांदे एका रेषेत होते आणि तो सारखा स्वतःकडे बघत होता. बँडमास्तर मला म्हणाले, काय कमाल आहे तुमच्या कॉम्प्युटरची! मी नाही म्हटलं नाही.
बाबा शेजारीच उभे होते. त्यांनीही नाही म्हटलं नाही.

२९ ऑगस्ट
बाबा म्हणाले, मी विसरायच्या आत सगळं लिहून घे, शेऱ्यांसकट. घरात कोरी पानं असलेली वही एकच निघाली. ही. इथून पुढे मापं. ते सांगताहेत, मी लिहिते आहे.

ढोलवाला. पोट ४६. तो ४२ सांगतो. हो म्हणावं, ४६ धरावं.
क्लॅरिनेटवाला. मागे कागद चिकटवलाय.
बँडमास्तर. छाती ३८. टाळ्या पडल्यावर ४०. शिवणीत जादा कापड सोडून ठेवणे.
घरचंच गिऱ्हाईक. उजवा खांदा पाव इंच वर, पदवी मिळाल्यापासून. बोलू नये, वाईट वाटतं. अस्तरात पट्टी.

हे शेवटचं कोणाचं, ते लिहून झाल्यावर कळलं. ताबडतोब टेप घेऊन आरशासमोर उभी राहिले. बाबांची स्मरणशक्ती अखेर चुकलीच. पाव नाही. अर्धा इंच आहे.