सरळ आत, सरळ बाहेर

४ मार्च

ट्रेलर आला. कारच्या मागं जोडायचा आणि निघायचं. आत दोन पलंग, मध्ये घडीचं टेबल, छोटा फ्रिज, दोन बर्नरची शेगडी. कपाट एकच, ते बायकोनं घेतलं.

वर्कशॉप विकल्यावर माणसं खचतात म्हणे. मी खचलो नाही, ट्रेलर घेतला. जन्मभर लोकांच्या जळालेल्या मोटरी रिवाइंड केल्या, आता मोकळा. मन एकदम शांत आहे. आज दाढी करताना आरशात हा कोण उभा आहे म्हणून क्षणभर थांबलो, इतकं शांत. लोक यासाठी डोंगरात जाऊन बसतात.

बायकोला शब्द दिला. सकाळी ट्रेलरचं दार उघडायचं, समोर समुद्र, हातात चहा, शेजारी मी. ती म्हणाली, एवढं एक केलंत तरी गंगेत घोडं न्हालं. म्हणजे खूश आहे.

१२ मार्च

पहिली ट्रिप. समुद्रकाठचा कॅम्प. अगदी पाण्यासमोरची जागा मिळाली. अडचण एकच, ट्रेलर तिथं रिव्हर्समध्ये लावायचा असतो. आता ट्रेलरची रचनाच उलटी. स्टिअरिंग डावीकडे फिरवा, तो उजवीकडे जातो. असल्या वस्तूला परवानगी कोण देतं कळत नाही.

बायको मागं उभी राहून हात हलवत होती. मी आरशात बघत नाही, आरसा फसवतो. मी ऐकतो. बंद दाराबाहेर उभं राहून, आतल्या मोटरचं बेअरिंग गेलंय की वाइंडिंग, हे मी सांगत आलोय. माझ्याइतका कानाचा तिखट माणूस सापडायचा नाही.

पाण्याचा नळ ऐकू आला नाही. उभ्या नळाला आवाज नसतो. तुटल्यावर आला.

कॅम्पची मॅनेजरबाई सभ्य निघाली. म्हणाली, काका, जरा दमानं. शेजारच्या ट्रेलरमधला दाढीवाला अर्धी चड्डी सावरत आला, मी लावून देऊ का म्हणून. नको म्हणालो. बायकोचे कपडे भिजले होते, म्हणून घरी निघालो. तिचा विचार आधी.

वाटेत ती म्हणाली, लावू द्यायचा होता त्याला. मी रेडिओ लावला.

१३ मार्च

शांतपणे विचार केला. चूक माझी नाही, जागेची आहे. आजपासून धोरण: सरळ आत, सरळ बाहेर. जिथं रिव्हर्स घ्यावा लागत नाही अशाच ठिकाणी मुक्काम. मागं फिरणं माझ्या स्वभावातच नाही.

५ एप्रिल

दुसरी ट्रिप. फर्निचरच्या भल्यामोठ्या दुकानाचं पार्किंग. एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर, मध्ये मैदान. समुद्र नकाशावर बोटभर अंतरावर.

सकाळी दार उघडलं, समोर शोरूमची काच. बायको चहा घेऊन पायरीवर बसली आणि एका हिरव्या सोफ्याकडे बघत राहिली. दुकान उघडल्यावर सेल्समन बाहेर आला. मॅडम, आत येऊन बसून बघा ना, म्हणाला. ती खरंच गेली. बराच वेळ बसली. कसा आहे विचारलं तर म्हणाली, सोफा बरा आहे, पण समोर एक ट्रेलर उभा आहे, तो फार वाईट दिसतो.

तिच्यात विनोदबुद्धी आहे. लग्नात कुणी सांगितलं नव्हतं.

२ मे

तिसरी ट्रिप, बंदराच्या बर्फ कारखान्यामागं. ट्रकवाल्यांची जागा, त्यामुळं ऐसपैस. समुद्र आणि आमच्यात फक्त एक भिंत. भिंत उंच आहे, पण समुद्र ऐकू येतो. ऐकू येतो म्हणजे आलाच म्हणायचा.

बायको डोळे मिटून ऐकत होती. चेहरा सैलावला होता. मग विचारलं, अहो, हा समुद्र मधूनमधून बंद का पडतो?

मी म्हणालो, ओहोटी.

पहिल्या मिनिटालाच मला कळलं होतं की कॉम्प्रेसर आहे, तोही मोठा, मागचं बेअरिंग कोरडं पडलेला. पण तिचा आनंद कशाला घालवा. दुपारी तिनं बर्फवाल्याला विचारलं. परत आली, भाजी चिरायला बसली. मी म्हणालो, कॉम्प्रेसरही समुद्राच्याच पाण्यावर थंड करतात. तिनं कांदा माझ्याकडे सरकवला. चिरून दिला. डोळ्यांतून पाणी आलं नाही. पूर्वी यायचं.

९ मे

स्वयंपाकघरातला फोन ऐकला. मुद्दाम नाही, माझ्या कानांना दारं नाहीत. मोठ्या मेहुणीशी बोलणं चाललं होतं. मेहुणी विधवा, दुसऱ्या गावी बंदराच्या गल्लीत तिची लाँड्री. हॉटेलांच्या चादरी, बोटींवरचे गणवेश. खाली मशिनं, वर दोन खोल्या, खिडकीतून बोटी दिसतात. कामाला हात कमी पडतात, तू कायमची ये, असं ती वर्षभर म्हणतेय.

बायको म्हणाली, ताई, या सीझनपुरतं थांबते. समुद्राचं काही नाही गं, तो तुझ्या खिडकीतूनही दिसेल. हा माणूस एकदा तरी माझ्या शेजारी येऊन बसतोय का बघते. नाहीतर येतेच.

मेहुणीला धीर देत होती. हळवी आहे.

२० मे

मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, रिव्हर्स शिकवणारे क्लास असतात, लाजायचं काय त्यात. तिला वाटतं बाबांना रिव्हर्स येत नाही. येत नाही असं नाही. मी घेत नाही.

मग विचारलं, तुम्ही कसे आहात. शांत, म्हणालो. ती म्हणाली, बाबा, शांत वेगळं आणि बधिर वेगळं.

जावयाची संगत. तो पुस्तकं वाचतो.

१४ जून

शेजाऱ्याची तक्रार. ट्रेलर रस्त्यात किती दिवस उभा ठेवणार. अंगणात न्या. अंगणात न्यायचा तर फाटकातून रिव्हर्स. त्याला म्हटलं, रस्त्यावर हवा खेळती राहते, लाकूड टिकतं. तो म्हणाला, पत्र्याचा आहे की.

माणूस बारकाईनं बघतो. अशा लोकांना कामं नसतात.

८ जुलै

सराव सुरू. जेवणाच्या टेबलावर काडेपेटी ही कार, तिला दोऱ्यानं बांधलेला साबणाचा खोका हा ट्रेलर, मिठाची बाटली हा नळ. शंभर टक्के यश. मिठाला धक्का नाही. बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, तुमचा ट्रेलर दोऱ्याला नुसता लोंबतोय, तुम्ही उचलून ठेवताय.

बारकावे नंतर बघू. मूळ तत्त्व हातात आलंय.

२६ जुलै

बायकोनं स्वतः फोन करून पहिल्याच कॅम्पात जागा घेतली. पाण्यासमोरची. मला म्हणाली, हे शेवटचं. मदत घ्या, ढकलत न्या, काहीही करा, पण तिथं माझ्या शेजारी बसायचं. नाही जमलं तर मी ताईकडे जाणार, आणि दोन दिवसांसाठी नाही.

कुणी याला धमकी म्हणेल. बाईमाणसानं इतकी आवड दाखवणं आजकाल दुर्मीळ आहे.

१६ ऑगस्ट

कॅम्पात पोचलो तेव्हा हवा स्वच्छ. समुद्र खरा, भिंत नाही. बायको उतरून मागं गेली, दोन्ही हात वर करून उभी राहिली. मी रिव्हर्स टाकला.

तपशिलात जात नाही. कार आणि ट्रेलर यांचा काटकोन झाला. रस्ता दोन्ही बाजूंनी बंद. मागं पुढं गाड्या. एका गाडीतलं लहान मूल आईला विचारत होतं, ते आजोबा तिथंच राहणार का?

दाढीवाला याही वेळी तिथंच. चारपाच जणांना घेऊन आला. म्हणाला, काका, कारपासून सोडवू, हातानं ढकलून पाण्यासमोर लावून देतो, काम काही नाही. सगळे हसतमुख होते. बाह्यासुद्धा सरसावल्या होत्या.

मी म्हणालो, नको, थँक यू, हिची तब्येत बरी नाही, आम्ही निघतोय.

बायको तोवर हात वर धरून उभी होती. तिनं हात खाली घेतले.

त्यांनी काटकोन सोडवून दिला. आम्ही सरळ बाहेर आलो.

गाडीत तिनं विचारलं, काय झालंय माझ्या तब्येतीला. रागानं नाही, सहज. आवाजात चढ नाही, उतार नाही. अशा आवाजाची मोटर आली की मी गिऱ्हाइकाला सांगायचो, चालतेय तोवर चालवा, पण भरवसा धरू नका.

मी म्हणालो, ऊन लागलं असेल.

१८ ऑगस्ट

बायको ताईकडे गेली. चार बॅगा. बंदरावर गारवा असतो, स्वेटर वगैरे लागतात. एक-दोन आठवडे राहील. जाताना फ्रिजमधलं काय आधी संपवायचं ते सांगून गेली. मी ऐकलं. सगळं ऐकलं. आता आठवत नाही.

६ सप्टेंबर

तब्येत उत्तम. झोप भरपूर, दिवसाही. पाव उभ्यानं खातो, ताट घासायला पडत नाही. घरात आता फ्रिज तेवढा बोलतो. बंद झाला की घर इतकं गप्प होतं की मी टाळी वाजवून बघितली. ऐकू आली. कान शाबूत आहेत.

दुपारी रस्त्यावरच्या ट्रेलरमध्ये जाऊन बसतो. तिचं कपाट उघडून बघितलं. रिकामं, कोपऱ्यात एक केसांची पिन. कपाट लावून घेतलं. काही वाटलं नाही. हे चांगलं लक्षण आहे.

२४ सप्टेंबर

मुलगी म्हणाली, आई परत येणार नाही म्हणतेय, तुम्ही जाऊन भेटा, फक्त भेटा, बडबड करू नका. मी म्हणालो, तिची रजा संपू दे. मुलगी म्हणाली, कसली रजा? तिनं फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही.

११ ऑक्टोबर

ठरलं. उद्या जाऊन तिला आणायचं. ट्रेलर घेऊन जातो. एकटी कार बघून तिला वाटेल मी विनवणी करायला आलोय. ट्रेलर असला की ट्रिपला आल्यासारखं दिसतं.

१२ ऑक्टोबर, संध्याकाळ

पोचलो. लाँड्री गल्लीच्या टोकाला आहे, पुढं धक्का आणि पाणी. ट्रेलर थेट दुकानाच्या दारात उभा राहिला. दोन्हीकडे भिंती, वीतभर जागा. वळायला वाव नाही. पुढं समुद्र, मागं जायचं तर रिव्हर्स.

मेहुणी बाहेर आली. जावईबापू, दुकान उचलून बाजूला ठेवू का, म्हणाली. सकाळी हॉटेलची व्हॅन येणार, ती आत कशी शिरायची, असंही म्हणाली. मशिनवरच्या दोघी बायका दारात येऊन तोंडाला पदर लावून हसत होत्या. मीही हसलो. वातावरण खेळकर.

बायको वरून खाली आली. हात कोपरापर्यंत ओले, चेहरा बरा दिसत होता. जाडही झाली आहे थोडी. माझ्याकडे बघितलं, ट्रेलरकडे बघितलं. वळणावर पाटी आहे ती दिसली नाही का, विचारलं. नाही म्हणालो.

जेवायला दिलं. वर बोलावलं नाही. खाली, इस्त्रीच्या टेबलावर. मशिनं चालू होती. चार मशिनांतल्या एकाचा बेल्ट सैल आहे. सांगितलं नाही. ट्रेलरमध्ये झोपतो.

१३ ऑक्टोबर

सकाळीच व्हॅन आली आणि गल्लीच्या तोंडाशी हॉर्न देत उभी राहिली. मग सगळे जमले. व्हॅनचा ड्रायव्हर, त्या दोघी, मेहुणी, समोरचा दोरखंडवाला. ट्रेलर कारपासून सोडवला आणि हातानं मागं ढकलत नेला. बायकोनं पुढचा दांडा धरला होता. तिनं मागं वळून मला सांगितलं, तुम्ही बाजूला उभे राहा. उभा राहिलो. कुठंही घासला नाही. एका दमात मुख्य रस्त्यावर. मागची सगळी गल्ली रिकामी, मग एकट्या कारचा रिव्हर्स काय, तो मी सहज घेतला.

व्हॅनमधली गाठोडी उतरवत असताना ती माझ्याकडे आली. पदराला हात पुसले. हळू आवाजात म्हणाली, खरं सांगा. पाटी दिसली नाही, की दिसूनही आत आलात? मुद्दाम आला असाल तर तसं म्हणा. मला चालेल.

मी म्हणालो, दिसली नाही. अंधार पडत आला होता.

ती उभी राहिली. हात पुन्हा पदराला पुसले. मग बरं म्हणाली. रविवारी दुकान बंद असतं, कधी यावंसं वाटलं तर बसनं या, म्हणाली, आणि आत गेली. मशिन सुरू झालेलं ऐकू आलं.

अंधार पडलेला नव्हता. पाटी चांगली दारभर मोठी आहे. पुढे रस्ता बंद, वाहन वळवण्यास जागा नाही. मी गाडी थांबवून ती दोनदा वाचली. इंजिन बंद केलं, थोडा वेळ बसलो. एकदा आत गेलो की मला निघता येणार नाही हे बघून घेतलं. मग इंजिन चालू केलं आणि आत घातली.

पण त्यात सांगण्यासारखं काय आहे.