खाडो खाली करो

पांडेसरा, सुरत
ता. ६-२-९६

सौ. मंगलावहिनीस चंचलचा नमस्कार. वि. वि.

दोन दिवस डोळ्याला डोळा नाही. हे घोरतात. घोरणं थांबलं की मी यांच्या नाकाशी बोट नेते, हे शिंकतात, बाळ उठतं, मी हसते अन् रडते.

झालं काय, आम्ही दोघं राबतो त्या बांधकामाच्या साइटवर पायाचा खोल खड्डा, शेजारी मिलची गटार. परवा खड्ड्यातून सडक्या अंड्याचा वास सुटला. मुकादम ओरडला, खाडो खाली करो! सगळे वर पळाले अन् तुमचे नंदोई शिडीनं खाली उतरले! वहिनी, इकडं खाली म्हणजे रिकामा! नळावर बाया बादली खाली करायला सांगतात म्हणून मला ठाऊक. हे कुठले नळावर जातात!

जन्मात पहिल्यांदा यांचं नाव घेतलं, उखाणा नाही काही नाही, बोंबलून. तोवर हे तळाशी आडवे. मी उतरणार, तर शेजारच्या इंदुबाईनं अंबाडाच धरला. म्हणाली, काढायला जातो तोही तिथंच पडतो. नशीब, यांना खोलीची भीती, कमरेला दोर बांधूनच कामाला लागतात, लोक हसायचे. आम्ही पाच बायांनी वरूनच ओढलं, बोचक्यासारखं. वाऱ्याच्या बाजूला निजवलं, मग दवाखान्यात नळीनं हवा दिली. आता चहात साखर कमी म्हणून भांडतात!

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची चंचल

अमळनेर
ता. १०-२-९६

सौ. चंचलताईस मंगलाचा नमस्कार.

मला अक्षर येत नाही, पोस्टमन काशिनाथभाऊच वाचतात, लिहितात. शिंकेपाशी हसून त्यांचा चष्मा पडला. सासूबाईंनी जावयाच्या, सुकलाल पाव्हण्यांच्या, लग्नातल्या फोटोवरूनच मीठ-मोहरी ओवाळली.

तुमचे दादा काल बारडोलीला गेले. तिथं जुनी बंद टाकी साफ करायची आहे, २१ तारखेपासून. ठेकेदाराच्या हापिसाचा नंबर भिंतीवर लिहून गेलेत. वासाचं म्हणाल तर ते म्हणतात, नाकाला घडीभरात सवय होते.

बाळाला गोड पापा.
मंगला

पांडेसरा
ता. १४-२-९६

वहिनी, नमस्कार.

सवय कसली! डॉक्टर म्हणाले, नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला नाही, उलट तेव्हाच पळायचं. यांनाही तळाशी गेल्यावर वास आलाच नव्हता, मी विचारलं.

मी बारडोलीत दादाला कुठं शोधू? नंबर तुमच्या भिंतीवर. हवा तपासल्याशिवाय त्यानं टाकीत डोकंसुद्धा घालू नये. हट्ट केला तर सांगा, चंचल बाळाला काखेत घेऊन येईल अन् सगळ्या गड्यांसमोर कान पिळेल.

वहिनी शेतात असल्या तर वाट पाहू नका. काशिनाथभाऊ, नाहीतर जो कोणी हे वाचत असेल, कागद हातातच राहू द्या अन् उठा. माझ्या धुडकूदादाला फोन करा.