पिकअपमधला मंद दिवा

अप्पा,

पिकअपच्या छतातला दिवा मंद झालाय म्हणून तुम्ही महिनाभर माझ्या मागे लागला होतात. मी बल्ब बदलला, फ्यूज बदलला, तरी तुमचं पालुपद तेच. शेवटी काल मेकॅनिककाकांना दाखवलं. ते म्हणाले, "अगं, एवढा लख्ख दिवा नव्या गाडीतही नसतो!" मी हसले, पण मग लक्षात आलं, बिघाड दिव्यात नाहीच.

गाडीची किल्ली मी नेली आहे. उगाच घर डोक्यावर घेऊ नका. साडेअकराला डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, मी न्यायला येते. आईला एवढ्यात काही सांगू नका, ती धसका घेईल.

चिठ्ठी मुद्दाम जाड पेनाने, मोठ्या अक्षरात लिहिलीय. तरी वाचता आली नाही, तर मात्र आईलाच हाक मारा.