एक खांब कमी

रीना,
सप्रेम जय भीम.

पियूष गेल्यावर, त्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू चौकशीचा अहवाल माझ्या हातात दिलास. म्हणालीस, "दादा, तुमाले हे समजते. खरंच त्याचीच चूक होती का?" मी हो म्हणालो.

तुझ्या नवऱ्याची, माझ्या धाकट्या भावाची चूक नव्हती. तो ज्या बर्फाच्या डोंगरावर कामाला होता, तिथल्या चेअरलिफ्टचं, म्हणजे दोरावरून जाणाऱ्या खुर्च्यांचं, डिझाइन भिलाईजवळ रसमड्याच्या आमच्या ऑफिसात मीच केलं. खर्च वाढतो म्हणून साहेबांनी एक खांब कमी करायला लावला. त्यामुळे दोर मधे खाली लोंबणार होता, तरी मी सही केली. जमिनीपासून मोजली तर उंची पुरत होती.

पियूषनं तिथून फोन केला होता. "दादा, तुमी भिलाईत बसून जमीन मोजून राहिले. इथं बर्फ पडला का जमीनच वर येते. खुर्चीत बसलं का पाय बर्फाले लागते." मी म्हणालो, "चाचणी होऊ दे, मग पाहू."

त्या चाचणीतच त्याची खुर्ची बर्फात अडकून उलटली. अहवालात लिहिलं आहे की त्यानं खुर्चीचा समोरचा आडवा दांडा लावला नव्हता, म्हणून तो पडला.

काल दुसऱ्या लिफ्टचे नकाशे आले. त्यातही खांब तेवढेच कमी आहेत. मी सही केली.

हे पत्र तुला देणार नाही. तू पुन्हा विचारशील आणि मी पुन्हा हो म्हणेन.

तुझा भासरा,
नरेश