आठव्या महिन्याचा फॉर्म

बाई, आज जामबागेतल्या एका घरी जाऊन आले आणि कोठीवरच्या आपल्या ऑफिसात परतल्यावर डबा तसाच ठेवून हे लिहायला बसले. सांगणार तरी कुणाला? आपल्या वेळचं इथं आता कुणी उरलेलं नाही. नवी मुलं हुशार आहेत, पण माझ्याशी त्यांचं बोलणं 'मॅम, एक सही' एवढंच. घरी गेल्यावर तर तेवढंही नाही.

तुम्ही मला कामावर घेतलंत तेव्हा मी पंचविशीची होते. गरोदर बायकांना चौथ्या महिन्यापासून भेटायचं, त्यांचं जेवण, ताप, भीती, दुःख लिहून घ्यायचं, आणि मग मुलं मोठी होईपर्यंत त्या घरांचा पिच्छा सोडायचा नाही. मनाच्या आजाराचं मूळ जन्माआधीच्या दिवसांत सापडतं का, हे तुम्हाला पाहायचं होतं. आपल्या आड यायचं ते माहेर. सातवा सरला की बायका बाळंतपणाला नांदेड-परभणीकडे निघायच्या आणि आठव्या महिन्याचा फॉर्म कोरा राहायचा. माझे कोरे फॉर्म पाहून तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "तिकडे एस.टी. जात नाही का? की गावंच नकाशावरून पुसली गेली?" मी रडले, आणि मग गेले गावोगाव. एका गावाला मात्र गेले नाही. कंटाळले होते, दुसरं कारण नाही. दवाखान्याच्या पायरीवर बसून मीच लिहिलं: ताप नाही, जेवण ठीक, दुःख नाही. तुम्ही गठ्ठा चाळता, चष्मा काढता, म्हणता, "एकही रकाना रिकामा नाही. शाब्बास!" आणि स्वतःची काळी चामडी बॅग माझ्या हातात देता. ती मी फाटेपर्यंत वापरली.

तो फॉर्म जिचा होता, आज त्याच बाईकडे गेले होते. तिचा मुलगा कॉलेज सोडून बसलाय. पंखा बोलतो म्हणून पंखा लावू देत नाही. घामानं डबडबलेल्या त्या खोलीत ती मला म्हणाली, "ताई, लई परेशान आहे मी. सासूबाई म्हणतात, मीच पोटात असताना काहीतरी केलं. आठव्यात माझा भाऊ विहिरीत गेला. मी खाणंपिणं सोडलं होतं. तुमच्या कागदात असेल ना सगळं? माझ्यानंच झालं का हो?" मी तुमचंच वाक्य पुढे केलं, की एका आईवरून काही ठरत नसतं. ते खरंच आहे. पण मी त्याच्या आड लपले, आणि तिनं दिलेला चहा अर्धा टाकून उठले.

आत्ता तो फॉर्म काढला. 'या बाईला मी भेटले नव्हते, हे सगळं मनानं लिहिलं आहे' असं त्यावर लिहून सही केली. उद्या नव्या डॉक्टरांपुढे ठेवीन. तिला सांगायला जायचंय, त्याचं मात्र अजून धाडस होत नाही.

आणि बाई, तुम्ही हयात असतात तर मी तो फॉर्म आजही तसाच राहू दिला असता.