नाव न घेता

रविवार, १५ सप्टेंबर

देवानं माझ्या तोंडाला कुलूप का घातलं नाही?

आज उपदेशात माझा नवरा पेनियामिना म्हणाला, "आपल्यातलीच एक बाई पुढे उभी राहून सगळ्यांत मोठ्यानं स्तुती गाते. पण पोर गेल्यापासून तिची प्रार्थना छपरापर्यंतच पोचते. वर कुणी आहे असं तिला वाटतच नाही."

नाव घेतलं नाही. कशाला हवं नाव? बेटावरचं चाळीस घरांचं गाव. पुढे उभी राहून गाणारी एकच – माटालेना. गायकमंडळ तीच सांभाळते. पोर गेलेलीही तीच. सगळ्या बायकांच्या पांढऱ्या टोप्या एकदम तिच्याकडे वळल्या!

तिनं शेवटचं गीत पूर्ण घेतलं. एक सूर इकडचा तिकडे नाही. मग पुस्तक बाकावर ठेवलं आणि बाजूच्या दारानं निघून गेली.

ऑगस्टमध्ये आम्ही दोघी चटईसाठी केतकीची पानं सोलत बसलो होतो. तेव्हा हे बोलली होती. "सीना गेली तेव्हापासून मी छपराशी बोलते, पाळकबाई." मी घरी येऊन लगेच नवऱ्याला सांगितलं. त्यानं तिच्यासाठी प्रार्थना करावी म्हणून! माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे माझी आई लग्नाआधीच सांगत होती.

चर्चचा कारभार बघणारे डीकन सावेआ जेवायला होते. माशाचं डोकं चोखत म्हणाले, "आजचा उपदेश झोंबला हो पाळक!" पेनियामिना हसला. मी माझं ताट तसंच आत नेलं.

सोमवार, १६ सप्टेंबर

त्याला विचारलं, असं का केलंस?

"मी नाव घेतलं का?"

"नाही. पण –"

"आणि मला सांगितलं कुणी? तूच ना?"

खरंच होतं ते.

गुरुवार, १९ सप्टेंबर

गायनाच्या सरावाला ती आली नाही. नारळाच्या दुधातली अळूची पानं भाजून तिच्या घरी नेली. ती चटई विणत होती. "ठेवा तिथे," म्हणाली. वर पाहिलंसुद्धा नाही. संध्याकाळी भांडं तसंच परत आलं, फडक्याची गाठही न सोडलेली.

शनिवार, २१ सप्टेंबर

महिला मंडळ. फिलेमूची जीभ म्हणजे सुरी! सगळ्यांसमोर म्हणाली, "पाळकबाई, माझी सासू मला फार छळते. पण तुम्हाला नाही सांगणार बाई. रविवारी माइकवर ऐकावं लागेल."

बायका हसल्या. मीही हसले. मग मागे जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

पाळकांच्या बायकांना शिकवलं काय? पाहुण्यांना कसं वाढायचं, मंडळाची सभा कशी चालवायची, टोपीला इस्त्री कशी करायची. ऐकलेलं पोटात कसं ठेवायचं, हे कुणी एक दिवस तरी शिकवायचं! सहा वर्षं या गावातल्या बायका माझ्या ओट्यावर येऊन रडल्या. आता बघते तर समोरून जाताना पावलं उचलून चालतात.

मंगळवार, २४ सप्टेंबर

डीकनांची सभा झाली. लहान मुलांचा रविवार तीन आठवड्यांवर आलाय. पोरांना सगळी गाणी माटालेनानंच शिकवलीत. तरी सावेआ म्हणाले, "देव नाही म्हणणारीच्या हाताखाली पोरं गाणार?" तिला काढायचं ठरतंय. सोमवारी पक्कं करणार.

पेनियामिना मान खाली घालून बसला होता. चहा घेऊन गेले तेव्हा पाहिलं मी.

गाणं गेलं तर तिच्याजवळ राहिलं काय? पोर नाही, देव नाही. निदान गाणं तरी होतं.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

ठरलं. इफोगा करणार. माफीसाठी तिच्या दारात चटई डोक्यावर घेऊन बसणार, ती उचलेपर्यंत.

पेनियामिना म्हणाला, "वेड लागलंय का? इफोगा खून पडल्यावर करतात. बोलण्यावरून कुणी बसतं?"

"मेलीच आहे ती."

"पाळकाच्या घरचं माणूस चटईखाली बसत नाही. आपण बसलेल्याला उठवायला जातो. गाव आपल्याला ठेवील का नंतर?"

"चूक माझी आहे. मीच बसणार."

तो उठून दारापाशी गेला. मग म्हणाला, "बस तर."

सोमवार, ३० सप्टेंबर

उजाडायच्या आत बसले. लग्नातली मऊ चटई डोक्यावरून घेतली. खाली खडी. आतून काही दिसत नाही, फक्त ऐकू येतं – कोंबडे, झाडू, मग माणसं जमल्याची कुजबुज. सावेआंचा खोकला ओळखला. कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, पाळकबाई!" गुडघे बधिर झाले. ऊन चढलं. वाटलं, ती उठवणारच नाही. आणि का उठवावं तिनं?

मग दार वाजलं. पावलं जवळ आली. चटई वर गेली आणि एकदम उजेड. माटालेना. डोळे सुजलेले. एवढंच म्हणाली, "उठा. कोको गरम आहे."

तिच्या घरात बसून प्यायले. दोघी रडलो. सावेआ बाहेर सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चटई उचलली. विषय संपला. पोरांची गाणी तीच घेईल." चटई उचलल्यावर तो विषय पुन्हा काढायचा नाही, या रीतीपुढे त्यांचंही काही चालत नाही!

आज किती दिवसांनी पोटभर जेवले. पेनियामिना मात्र ताट सारून उठला. म्हटलं, बायकोचे सोललेले गुडघे बघून वाईट वाटलं असेल बिचाऱ्याला.

शनिवार, ५ ऑक्टोबर

माटालेना पपया घेऊन आली होती. गुडघ्यांना तेल लावून दिलं. म्हणाली, "नवऱ्याच्या चुकीसाठी घरचं माणूस बसलं, म्हणून तर उठवलं मी. ते स्वतः आले असते तर दार उघडलं नसतं. ईस्टरला त्यांच्यापाशीच तर बोलले होते सगळं. कुणाला सांगणार नाही, असं बायबलवर हात ठेवून म्हणाले होते."

ईस्टरला. माझ्याशी बोलायच्या चार महिने आधी. आणि मला म्हणाला होता, तूच ना?

मीही त्याला सांगितलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही. पेनियामिना आत उद्याचा उपदेश लिहितोय.