नॉमिनीचा रकाना

प्रिय धाकटे,

नऊ वर्षांनी माझं अक्षर बघून तू आधी पाकीट उजेडात धरशील, कुणी गेलं की काय म्हणून. कुणी गेलेलं नाही. नोकरीही तीच आहे. मिक्सर आणि धुलाई यंत्रांबरोबर येणाऱ्या, कुणीही न वाचणाऱ्या माहितीपुस्तिका अजून मीच लिहिते.

बातमी एवढीच, की मी आयुर्विमा काढायला निघाले होते. आमच्या ऑफिसात एक एजंट येतो. मरणाबद्दल इतक्या प्रसन्न चेहऱ्याने बोलतो की आम्ही त्याचं नाव मृत्युंजय ठेवलंय. सगळ्या संसारी लोकांना गुंडाळून झाल्यावर तो माझ्या टेबलाशी आला. नवरा नाही, मूलबाळ नाही, हे ऐकून दुसरा एखादा वरमला असता. हा खुर्ची ओढून बसला. मी म्हटलं, बाबा रे, माझ्यामागे फार तर फ्रिजमधलं दूध नासेल. तर म्हणतो, तेही कुणाला तरी ओतून टाकावं लागतंच ना. एकट्या माणसाचं शेवटचं सगळं कुणावर तरी पडतंच, ते कुणावर पडणार एवढं तरी ठरवून ठेवा. त्यावर मीच त्याच्याकडे फॉर्म मागितला.

फॉर्म भराभर भरला आणि नॉमिनीच्या रकान्याशी पेन अडलं. आधी माझ्या घराखालच्या टायरवाल्याचं नाव लिहिलं, कारण माझी दुसरी किल्ली त्याच्याकडे असते. मृत्युंजयने विचारलं, नातं काय? मी म्हटलं, किल्लीचं. त्याने ते मुकाट्याने खोडायला लावलं. ‘अडचण आल्यास कोणाशी संपर्क साधावा’ हे मी प्रत्येक पुस्तिकेत डोळे मिटून लिहिते. स्वतःचा रकाना मात्र तीन आठवडे कोरा राहिला.

त्या तीन आठवड्यांत आईचं कपाट आठवत होतं. नऊ वर्षांपूर्वी, आई गेल्यावर, आपण दोघी ते रिकामं करत होतो. मी शिलाई मशीन मागितलं आणि तू म्हणालीस, “तुला कशाला? तुझ्यामागे आहे कोण?” तू ते सहज बोललीस, हे मला तेव्हाही कळलं होतं. पण मी कसली सोडते. मी म्हटलं, “तुझं बरंय, मुलगी म्हणजे म्हातारपणाचा विमाच उतरवून ठेवलायस.” आणि भाची दारात उभी होती, हातात शिवणाची कात्री घेऊन. ती आता दूर देशी असते आणि रविवारी फोन करते, असं कानावर आलं. तो टोमणा मी मागे घेते. उशीर झालाय, पण घेते.

शेवटी रकान्यात तुझं नाव लिहिलं. नातं: बहीण. लिहायला दोन सेकंद लागले.

मग कंपनीच्या डॉक्टरने तपासलं. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही म्हणे. तोंडाचीही मिटत नाही, ते तुला ठाऊकच आहे. कंपनीने अर्ज बाजूला ठेवला. ऑपरेशन होऊन सगळं ठीक झाल्यावर बघू म्हणाले. मृत्युंजयचा चेहरा पहिल्यांदा पडलेला बघितला, मलाच त्याला चहा पाजावा लागला. तेव्हा नॉमिनी म्हणून तुझ्या हाती काही लागणार नाही, आधीच सांगून ठेवते.

ऑपरेशन पुढच्या गुरुवारी आहे. दवाखान्याच्या फॉर्मवरही तसाच एक रकाना आहे, फक्त तिथे जवळच्या माणसाची सही आधी लागते, ऑपरेशनला नेण्यापूर्वी. कारकून बाई म्हणाल्या, ओळखीचं कुणीही चालेल. टायरवाला तयारही आहे. पण मला चालेना. सकाळी सातला बोलावलंय, पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. माझ्यामागे रडायला ये, असं मी म्हणत नाही. आधी सही करायला ये.

तुझीच, अजून तरी,
ताई